कडी आतून, कडी बाहेरून

वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन ज्यानं एकदा सोसलं आहे, त्याला लहान, अंधाऱ्या खोलीची थोरवी समजावून सांगावी लागत नाही. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला, की चार-पाच खोल्यांचं ऐसपैस घरसुद्धा दुपारी एका खोलीचं होऊन जातं. ती कुलरची खोली. पत्र्याच्या त्या धुडाला नव्या ताट्या बसवलेल्या असतात, पाणी कोणी भरायचं यावरून सकाळीच एक भांडण होऊन गेलेलं असतं, दमटपणा साचू नये म्हणून समोरची खिडकी बोटभर उघडी असते, आणि सतरंजीवर आजीपासून सुट्टीत आलेल्या भाचरांपर्यंत सगळे ओळीनं आडवे झालेले असतात. एरवी ज्यांचं एकमेकींशी फारसं पटत नाही अशा जावासुद्धा त्या दहा बाय बाराच्या खोलीत वाळ्याच्या ओल्या वासात शेजारी शेजारी झोपतात. मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी या प्रकाराला पहिल्या दिवशी हसतात. दुसऱ्या दिवशी आपली उशी घेऊन तिथेच येतात.

ताटी हा शब्द मात्र कुलरपेक्षा फार जुना. आमच्याकडे शेतातल्या झोपडीचं दार म्हणजे पऱ्हाटीची किंवा तुऱ्हाटीची बांधलेली ताटी. मराठी वाचकाला हा शब्द भेटतो तो मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांत. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीत शिरून ताटी लावून बसले आणि धाकट्या बहिणीनं बाहेर उभं राहून त्यांची समजूत घातली, अशी कथा परंपरेनं सांगितली जाते. शाळेत हे अभंग शिकवताना सगळा भर मुक्ताबाई काय म्हणते यावर असतो. मला नेहमी त्या दाराचं कौतुक वाटत आलं आहे. ताटी म्हणजे काय, तर काटक्यांचा पडदा. शेळीनं डोकं घातलं तरी बाजूला व्हावी अशी. मुक्ताबाईला ती सहज ढकलता आली असती. तिनं ढकलली नाही. आतल्या माणसानंच ती उघडावी म्हणून ती बोलत राहिली. आत बसलेल्याचा आत बसण्याचा हक्क त्या लहानशा मुलीनं मानला होता. आपल्या घरांत हे किती जणांना जमतं, ते ज्याचं त्यानं पाहावं.

आमचा मुलूख म्हणजे पूर्णेच्या खोऱ्याचं काळं, सपाट मैदान. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, कुठेही शिवारात उभं राहा. उत्तरेला गाविलगडच्या डोंगराची निळी रेघ सोडली, तर नजर अडेल असं काही नाही. अशा उघड्यावर जन्म काढणाऱ्या माणसाला आडोशाची ओढ असणारच. ज्वारी हुरड्यावर आली की पाखरं हाकायला आणि रात्री जागलीला मचाण बांधायचं, ही शेतकऱ्याची गरज होती. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री शहरातली माणसं पैसे भरून मेळघाटातल्या पाणवठ्यावर मचाणावर बसायला जातात. वाघ दिसला नाही तरी कुरकुर करत नाहीत. चार बांबूंवरच्या त्या हातभर जागेत, कोणाशीही न बोलता, रात्रभर नुसतं बसायला मिळालं, हेच त्यांना पुष्कळ झालेलं असतं.

माझं आजोळ खारपाणपट्ट्यातलं. घर धाब्याचं, मातीच्या जाडजूड भिंतींचं. त्या भिंतींत देवळ्या होत्या. एका देवळीत दिवा, एकीत फणी-करंड्याची पेटी, एकीत कसल्यातरी काढ्याची बाटली. स्वयंपाकघरात उतरंड. एकावर एक रचलेल्या मडक्यांत सगळ्यात खालच्या मडक्यात काय आहे, हे घरातल्या एकाच बाईला माहीत असायचं; गावात बँक आली नव्हती तेव्हा तिचा लॉकर तोच. आणि दिवाळीनंतर एक खोली पूर्ण कापसानं भरायची. छतापर्यंत पांढरी भिंत उभी राहायची, आणि मोठ्यांचा डोळा चुकवून आम्ही त्यात उड्या मारायचो, बोगदे करायचो, गळ्यापर्यंत गाडून घ्यायचो. बाहेरचा आवाज आत येतच नसे. थंडीच्या दिवसांत त्याइतकी ऊबदार जागा जगात दुसरी नव्हती. रात्री अंगाला खाज सुटली की चोरी पकडली जायची.

त्या खाजेची गंमत शेतकऱ्याला वाटत नाही, हे पुढे कळलं. २०२२-२३च्या हंगामात आदल्या वर्षासारखा भाव मिळेल या आशेनं कितीतरी घरांनी कापूस विकला नाही. तो राहत्या खोल्यांतच पडून राहिला, पोरं-सोरं त्याच्या शेजारी झोपली, अंगावर पुरळ उठली, आणि भाव काही चढला नाही. खोली तीच, कापूस तोच. पण त्या घरातली माणसं आत सुखानं शिरलेली नव्हती, अडकलेली होती.

पेवाचंही असंच आहे. आताच्या मुलांना 'पेव फुटलं' हा वाक्प्रचार तेवढा माहीत असतो. शिकवणी वर्गांचं पेव, पतसंस्थांचं पेव. खरं पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र मोठं. आतून कडबा-काडाचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आत कोंडलेलं धान्य श्वास घेत राहतं. असेल नसेल तो प्राणवायू संपवतं आणि कर्बवायू सोडतं. त्यामुळे कीड जगत नाही, ज्वारी टिकते. दुष्काळात गावं त्यावर तगली. पण नेमक्या त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं. आधी तोंड उघडून ते वाहू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसानं पाय घालायचा नाही. या नियमाकडे दुर्लक्ष केल्यानं पेवात जीव गेलेली माणसं जुन्या लोकांना ठाऊक असत. ज्या बंदिस्तपणानं दाणा राखला, त्यानंच माणूस मारला.

लहान जागांच्या मायेवर जगात जे लिहिलं गेलं, त्यात गास्तों बाशलार या फ्रेंच विचारवंताचं १९५७ साली आलेलं पुस्तक फार गाजलं. घरटी, शिंपले, कपाटांचे खण, पेट्या, माळा, तळघर आणि कोपरे अशा जागांत माणसाचं मन कसं विसावतं, यावर त्यानं प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली. वाचताना मला सारखं आजोळ आठवत होतं. त्याच्या यादीत उतरंड नाही, एवढंच काय ते उणं.

आणि आपल्या साहित्याची सुरुवात तरी कुठे झाली? अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. त्यातली स्थळं पाहा. राजवाडे, दरबार फारसे नाहीत. गुंफा आहेत, ओसऱ्या आहेत, पडव्या आहेत. गुंफा म्हणजे डोंगरातली लेणीच असं नव्हे. राहण्याच्या छोट्याशा खोपीलाही तिथे तोच शब्द आहे. पुढे या पंथानं आपलं साहित्यच एका बंद खोलीत नेऊन ठेवलं. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत पोथ्या लिहिल्या गेल्या आणि काही शतकं बाहेरच्या कोणाला त्या वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांच्या हाती ती किल्ली आली, तेव्हा मराठीला आपलं सातशे वर्षांपूर्वीचं गद्य पुन्हा मिळालं. २०२४ पासून त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. बंद ठेवल्यामुळे पोथ्या जपल्या गेल्या, असं म्हणणारे आहेत. बंद ठेवल्यामुळे इतकी शतकं मराठी माणूस त्यांना मुकला, असंही म्हणता येतं. मला दोन्ही खरं वाटतं, आणि दुसरं थोडं जास्त.

आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठीत जी गझल रुजवली, तिचं घर तर शब्दशः घरच आहे. अरबीत दोन ओळींच्या पदाला 'बैत' म्हणतात. बैत म्हणजे घर. त्यातल्या एका ओळीला आपण मिसरा म्हणतो, आणि त्या शब्दाचा मुळातला अर्थ आहे दाराचं एक कवाड. दोन कवाडं मिटली की घर बंद, शेर पुरा. त्यांच्या छंदशास्त्रात तर मात्रांच्या गटांना दोरी आणि खुंटी अशी तंबूच्या सामानाची नावं आहेत. आपल्याकडे श्लोकाला चरण असतात, म्हणजे पाय. आपली कविता चालत निघते. त्यांची घर करून राहते. लहानपणीच पोलिओनं पाय अधू झालेल्या या कवीनं नेमकं ते घर निवडावं, यात काही संगती लावायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एवढं मात्र खरं, की 'एल्गार' हाती आलं ते १९८३ साली, आणि तेव्हापासून दोन ओळींच्या खोलीत किती मोठा आवाज मावतो याचं मला वाटणारं नवल अजून ओसरलेलं नाही.

इथवर सगळं गोड आहे. पण बाशलारनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, की आपण सुखाच्या जागांविषयीच लिहिणार आहोत. वैराच्या, द्वेषाच्या जागा त्यानं जवळपास बाजूलाच ठेवल्या. त्याला ते चालून गेलं. आपल्याला चालणार नाही, कारण आपल्या घरांत या दोन जागा वेगळ्या नव्हत्याच.

आजोळी माजघराच्या मागे एक खोली होती. तिला 'अंधारी' म्हणत. एक हातभर झरोका सोडला तर उजेड नाही. सुट्टीत गोष्टींची पुस्तकं घेऊन मी तिथे जाऊन बसायची. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा यायचा, तो सरकेल तशी मी सरकायची. माझ्या लेखी घरातली सगळ्यात सुंदर जागा ती. आजी दारातूनच हाक मारायची. "काहून वं पोरी, अंधारात काय करून राह्यली? माहा तं जीव घाबरते तिथं." ती काही आत यायची नाही. तिची सात बाळंतपणं त्या खोलीत झाली होती, हे मला आईनं फार उशिरा सांगितलं. झरोक्याला पोतं लावलेलं, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, आणि सव्वा महिना बाहेरचं वारं लागायचं नाही. सातांपैकी चार मुलं जगली. उरलेल्या तिघांचीही जन्मखोली तीच होती.

आणखी एक गोष्ट घर पाडताना कळली. अंधारीच्या दाराला कोयंडा बाहेरून होता. आतून कडी नव्हतीच. तिची गरज कोणाला वाटली नव्हती. ती धान्याची कोठी म्हणून बांधलेली, आणि धान्य काही आतून कडी लावत नाही.

ज्या वऱ्हाडात देशमुखी वाड्यांतल्या बायकांचा गोषा इतका कडक, की माहेरी जायचं तरी पडदे सोडलेल्या दमणीतून जायचं, त्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याची ताराबाई शिंदे हे फार आधी लिहून गेली. तिचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक चालली होती, तिला ते उत्तर होतं. प्रस्तावनेत ताराबाई स्वतःची ओळख करून देते ती मराठमोळ्या रिवाजात घरात कोंडलेली बाई म्हणूनच. सत्यशोधक वडिलांमुळे तिला लिहिता-वाचता येत होतं. बाहेर मात्र पडता येत नव्हतं. पुस्तक आलं, टीका झाली, जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली, आणि त्यानंतर तिचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुस्तकही विस्मरणात गेलं. स. गं. मालशांनी ते १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणलं, तेव्हा जवळजवळ शतक उलटत आलं होतं. व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ साली इंग्लंडात स्त्रीला लिहायचं असेल तर स्वतःची खोली हवी असं म्हटलं, आणि त्या खोलीच्या दाराला कुलूप हवं हेही सांगायला ती विसरली नाही. ताराबाईला खोली होती. कुलूप दुसऱ्यांच्या हातात होतं.

तेव्हा लहान जागेच्या प्रेमाविषयी कोणी बोलू लागलं, की मी आधी कडी कुठल्या बाजूला आहे ते विचारते. जागेची लांबी-रुंदी नंतर.

उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली. वऱ्हाडी बोलीतलं इतकं जिवंत लेखन मराठीनं तोवर क्वचितच पाहिलं होतं. त्या कौतिकला कोपऱ्याची हौस परवडणारी नाही. संसार सावरता सावरता तिचा जन्म जातो. ज्याला चार खोल्या असतात त्यालाच एका खोलीची कविता सुचते, ही गोष्ट असली पुस्तकं वाचल्यावर नजरेआड करता येत नाही.

कडी आतूनही लावली जाते, आणि तीही दर वेळी निरागस नसते. गाभारा म्हणजे गर्भगृह. थंड, काळोखी, समईच्या उजेडात उजळलेली, आईच्या पोटाचं नाव घेतलेली जागा. आमच्या अंबादेवीच्या गाभाऱ्यापुढे उभं राहिलं की मन शांत होतं, हा अनेक अमरावतीकरांचा अनुभव आहे. पण त्याच देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून याच शहरात चळवळ उभी करावी लागली. नोव्हेंबर १९२७ मध्ये इथे भरलेल्या परिषदेचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवलं होतं. आतल्यांना जी ऊब वाटत होती, ती बाहेरच्यांना बंद दाराच्या रूपातच दिसत होती. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीच्या भुयारात उतरताना मी अनेकदा रांगेतल्या माणसांकडे पाहते. वाकून, भिंतीला हात लावत, जात-पात, खेडं-शहर सगळं एका रुंदीच्या पायऱ्यांवरून खाली जातं. तिथला गारवा मला जास्त आवडतो, तो त्यामुळे.

तुरुंगाचं काय, असं कोणी विचारील. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, आणि ती उतरवून घेतली तीही गुरुजींनीच. मराठी घराघरांत गेलेली ही दोन पुस्तकं बाहेरून कडी लागलेल्या जागेत जन्मली. हा पुरावा अनेक जण मोठ्या उत्साहानं देतात. मला तो उत्साह पटत नाही. गुरुजी गुरुजी होते, म्हणून त्या कोठडीत आई अवतरली. कोठडीला तिचं श्रेय कशाला?

आजोळचं घर पाडून तिथे सिमेंटचं घर झालं. छान आहे, उजेडाचं आहे, फरश्या चकचकीत आहेत. अमरावतीतली जुनी घरंही अशीच जात आहेत, आणि जी फ्लॅट-स्कीम येते तिच्या नकाशात हॉल मोठा असतो. हॉलमध्ये टीव्ही, हॉलमध्येच पाहुणे, हॉलमध्येच सासऱ्यांची दुपारची झोप. मोकळंढाकळं घर म्हणून आपण ते मिरवतो, पण रडू आलं तर बाईनं जायचं कुठे? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे, बाथरूम. आतून कडी असलेली तेवढीच जागा तिच्या वाट्याला येते, आणि तीही कोणी दार वाजवीपर्यंत. बारावीच्या मुलासाठी सगळं घर आवाज बारीक करतं. मुलीसाठी करतं का, हे प्रत्येक घरानं आपापलं पाहावं.

म्हणून अलीकडे मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते गल्लोगल्ली निघालेल्या अभ्यासिकांचं. अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत. एका हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे उभे करून खुराड्यांसारख्या जागा केलेल्या असतात. एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा, मोबाइलसाठी एक प्लग, आणि प्लायवर रंगवलेला नंबर. महिन्याचं भाडं. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांच्या तयारीला खेड्यांतून आलेली मुलं-मुली तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. माझ्या ओळखीची एक मुलगी अशाच एका अभ्यासिकेत जाते. गावी दोन खोल्यांत सहा माणसं, इथे भाड्याच्या खोलीत चार जणी. मी विचारलं, इतक्या लहान जागेत दिवसभर जीव गुदमरत नाही का? तिला प्रश्नच कळला नाही. तिनं मला तिची जागा दाखवली. प्लायवर वेळापत्रक, महाराष्ट्राचा नकाशा, समासांची एक चिठ्ठी, आणि कोपऱ्यात आईचा पासपोर्ट आकाराचा फोटो. टेबलाला एक खण होता. खणाला अभ्यासिकेनं दिलेली कडी होती, कुलूप नव्हतं. तिनं बाजारातून एक पितळी कुलूप आणलं होतं, बोटाच्या पेराएवढं. खणात वह्या होत्या, एक कंगवा होता, आणि खारे शेंगदाणे. दाखवून झाल्यावर तिनं खण लावला, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधून पुन्हा वाचायला बसली.